अकरा महिन्यांचे बापू

आमच्या उंद्रीत दारातली गाडी पासिंगवरून ओळखतात. एमएच 28 म्हणजे बुलढाणा, म्हणजे घरचीच. एमएच 30 दिसली की अकोल्याचे पाहुणे आले. एमएच 12 म्हणजे पुण्याला नोकरीला लागलेला कुणाचा तरी पोरगा सणाला आलाय. आणि डीएल म्हणजे बापू. दिल्लीचं पासिंग गावात एकच होतं.

2021 च्या हंगामात सोयाबीन विकून बापूंनी गाडी घ्यायचं ठरवलं. शोरूमच्या वाटेला ते गेलेच नाहीत. "नवी गाडी कोनीबी घेते, सर. त्याले अक्कल थोडीच लागते?" तेव्हा दिल्लीत दहा वर्षांवरची डिझेल गाडी रस्त्यावर चालत नव्हती. हरित लवादानं 2015 मध्ये तसं सांगितलं आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच कायम केलं. त्यामुळे नऊ वर्षं पुरी केलेल्या गाडीला तिथे भिजलेल्या कापसाचा भाव. मालकच म्हणतो, घेऊन जा बाप्पा. बापू रेल्वेनं गेले, 2012 ची डिझेल गाडी चालवत तीन दिवसांनी परतले आणि देवळासमोर नारळ फोडून त्यांनी किंमत सांगितली. ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी त्या रात्री जेवताना बायकोला ती किंमत पुन्हा सांगितली.

टॅक्सचं काय, हा प्रश्न मीच विचारला. इतिहासाचा मास्तर असल्यानं मला सारा-चौथाईचा विषय सोडवत नाही. मोटारीचा कर राज्याचा असतो. दिल्लीत भरलेला दिल्लीच्या तिजोरीत गेला, त्याचा महाराष्ट्राला काय उपयोग? परराज्यातली गाडी इथे कायमची आणली की इथला वन टाइम टॅक्स भरा: गाडीची मूळ किंमत धरून, वयाप्रमाणे काही कमी करून. दहा लाखांच्या आतल्या नव्या डिझेल गाडीला आपल्याकडे 13 टक्के, हिशेब तिथून सुरू होतो. मग तिकडची एनओसी दाखवून नवा नंबर घ्यायचा.

"भरू ना," बापू म्हणाले. "पन घाई काऊन? कायद्यात बारा महिने देल्ले हायेत."

बारा महिने खरंच आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम 47: गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. बापू सातवी पास. पण हे कलम त्यांना हनुमान चालीसेसारखं पाठ. आणि मोठमोठ्या वकिलांना सुचला नसता असा त्याचा अर्थ त्यांनी लावला होता. बारा महिने म्हणजे सलग बारा महिने! अकराव्या महिन्यात गाडीनं एक रात्र महाराष्ट्राबाहेर काढली की मीटर परत शून्यावर.

म्हणून दर वर्षी, अकरावा महिना संपता संपता, बापू बुऱ्हाणपूरला निघायचे.

घाटाखाली उतरायचं, खामगाव, नांदुरा, जळगाव जामोद करत सातपुड्याच्या अंगानं मध्य प्रदेशात शिरायचं. सीमा ओलांडली की पहिल्या पंपावर टाकी फुल करून पावती घ्यायची. लॉजची पावती. पार्किंगची पावती. आणि 'मध्य प्रदेश' लिहिलेल्या एखाद्या पाटीखाली गाडी उभी करून, हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून फोटो. ओलीस धरलेल्या माणसाचा काढतात तसा. या सगळ्याची एक फाईल. फाईलच्या पहिल्या पानावर दिल्लीची एनओसी, लॅमिनेट केलेली. ती बुलढाण्याच्या आरटीओच्या नावे होती आणि ज्या कार्यालयात द्यायची, ते सोडून बाकी सर्वांना बापूंनी ती दाखवली होती.

एका खेपेला त्यांनी मलाही नेलं. बापूंची बायको, म्हणजे आमच्या काकू, मागच्या सीटवर, मांडीवर वही. बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी खाताना मी आपला तासाला उभा राहिल्यासारखा बोलून गेलो, की मुमताज इथेच 1631 च्या जूनमध्ये वारली, इथेच तिला आधी ठेवलं आणि सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं.

"सहा महिन्यांत?" काकू वहीतून मान वर करून म्हणाल्या. "म्हंजे तिचं ट्रान्सफर झालं तं."

बापूंनी आणखी अर्धा किलो जिलेबी बांधायला सांगितली. वहीत तीही चढली. त्यात डिझेल, लॉज, जिलेबी, दराबा आणि "आलोच हावोत तं" म्हणून घेतलेलं लुगडं, सगळं होतं.

पण बुऱ्हाणपूर वर्षातून एकदाच. रोजची लढाई वायुवेग पथकाशी. हे आरटीओचं फिरतं पथक. त्याचं नाव ज्यानं ठेवलं, त्यानं बापूंना पाहिलेलं नसणार. पथक कुठे उभं आहे हे बापूंना वाऱ्याच्या आधी कळे. दूधवाले, काळीपिवळीचे ड्रायव्हर, एसटीचे कंडक्टर असं त्यांचं खातं होतं. सकाळी फोन वाजायचा, "बापू, अमडापूरच्या पुढं उभे हायेत," की बापू चिखलीचं काम दुसऱ्या दिवसावर ढकलायचे. काम निकडीचं असेल तर पांदण धरायचे. चिखलीच्या बाजारात भेंडी आणायला म्हणून निघालेला हा माणूस पांदणीतून, दोन नाले ओलांडून, तिसऱ्याच गावावरून चिखलीला पोचायचा, तोवर भेंडी संपलेली. पावसाळ्यात तर गाडी एकदा काळ्या मातीत अशी रुतली की ट्रॅक्टर लावून काढावी लागली. ट्रॅक्टरवाल्याचे पैसेही काकूंच्या वहीत गेले. खर्चाच्या कारणापुढे त्यांनी एकच शब्द लिहिला होता: टॅक्स.

आता कुणी म्हणेल, हा माणूस कंजूष. मुळीच नाही. सप्ताहाच्या पंगतीला बापू तेलाचे डबे देतात, कुणाच्या पोराची फी भरतात आणि चहाचे पैसे दुसऱ्याला देऊ देत नाहीत. पैसा त्यांच्या हातून सुटतो. फक्त तो मागितलेला नसावा. सरकारनं टॅक्स न मागता वर्गणी मागितली असती तर बापूंनी पहिल्याच दिवशी, फोटो काढून, दुप्पट दिली असती.

शिवाय न भरलेल्या टॅक्सनं त्यांना जो मान दिला, तो भरलेल्यानं कुणाला दिला असता? पंचक्रोशीत जुनी गाडी घ्यायची तर आधी बापूंना विचारायचं. ते बॉनेट उघडत नाहीत. आधी आरसी मागतात. "किती हात फिरली?" "बोजा उतरवला का?" "टीटीच्या फारमावर सह्या कोऱ्या घेतल्या का भरून?" फॉर्म 29 विकणाऱ्याचा, 30 घेणाऱ्याचा, कर्ज फिटल्याचा 35 आणि एनओसीचा 28, हे आकडे ते असे टाकतात की समोरच्याला वाटावं, माणूस रोज आरटीओत बसतो. प्रत्यक्षात त्या इमारतीच्या दारात बापू तोवर कधी उतरलेले नव्हते.

मी पुण्याहून एका निवृत्त बाईंची गाडी घेतली तेव्हाही त्यांनाच विचारलं. गाडी राज्यातलीच, टॅक्स पहिल्या मालकानंच भरलेला आणि तो गाडीबरोबर येतो. मला फक्त नाव बदलायचं होतं, फी काहीशे रुपये. महिन्याभरात माझ्या नावाची आरसी आली. बापूंनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि खिन्नपणे परत केली. "चांगली हाये," म्हणाले. "पन सर, हिच्यात काई राम नाई."

त्यांना दारूगोळा पुरवला तोही मीच, हे कबूल केलं पाहिजे. एकदा बोलता बोलता सांगितलं की आपलं वऱ्हाड 1853 पासून इंग्रज चालवायचे, पण मालकी निजामाची. 1902 मध्ये कर्झननं कायमचा पट्टा करून घेतला, वर्षाला 25 लाख रुपये ठरवून. तरी कागदावर मालक हैदराबादचाच. बापू चहा बशीत ओतायचे थांबले. दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर ते सुरू झाले, "अरे, आख्खं वऱ्हाड शंभर वर्षं दुसऱ्याच्या नावावर पयलं! मालक निजाम, डायवर इंग्रज. कोनी म्हनलं का ट्रान्सफर करा?" कुणी फार खोलात गेलं तर ते वाघ काढत. 2019 मध्ये टिपेश्वरहून निघालेला तो प्रसिद्ध वाघ तेलंगणात जाऊन, तेराशे किलोमीटर तुडवून आपल्या ज्ञानगंगेच्या जंगलात येऊन बसला होता. "त्यानं आनली होती का एनओसी?"

यावर उत्तर नव्हतं. आमच्या गावालाच उदयनगर हे दुसरं नाव आहे आणि पाटीवर काहीही असलं तरी तोंडी उंद्रीच चालतं. तेव्हा नाव एक नि वापर दुसरा, यावर बोट ठेवायचा अधिकार आम्हाला कुठला?

बापूंना हरवलं ते समृद्धी महामार्गानं. 5 जून 2025 ला त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला, मुंबईपर्यंत सरळ. लेक ठाण्याला दिलेली, नातू सहा महिन्यांचा. काकू म्हणाल्या, मेहकरला समृद्धी धरू आणि जाऊ. बापू म्हणाले, एसटीनं जाऊ. त्या रस्त्यावर जागोजाग कॅमेरे, आणि कॅमेऱ्याच्या बाजूनं पांदण नसते. काकूंनी काही वाद घातला नाही. वही आणली, चष्मा लावला आणि चार वर्षांची बेरीज मोठ्यानं वाचली. मी समोर होतो. बापू जमिनीकडे बघत होते.

पुढच्या आठवड्यात ते एजंटला घेऊन बुलढाण्याला गेले. जुनी एनओसी, चेसिसवर पेन्सिल घासून घेतलेला ठसा, टॅक्स, वर व्याज-दंड. बुऱ्हाणपूरची फाईल त्यांनी सोबत नेली होती. ती कुणी उघडून पाहायलाही मागितली नाही, हे त्यांना फार लागलं. टॅक्स किती भरला ते आजवर त्यांनी सांगितलेलं नाही. काकूंकडून एवढंच कळलं, की वहीतली बेरीज त्याहून साडेसात हजारांनी जास्त होती.

एमएच 28 ची कोरी पाटी लागली आणि बापू दुसऱ्याच दिवशी मला घेऊन चिखलीला निघाले. सरळ रस्त्यानं. अमडापूरच्या पुढे पथक उभंच होतं. बापूंनी काच खाली केली, गाडी हळू केली, फाईल मांडीवर घेतली. साहेबांनी हातानंच पुढे जायची खूण केली. बापू पुढे गेले, वळले, परत आले. पुन्हा तीच खूण. तिसऱ्या खेपेला ते स्वतःच थांबले. "साहेब, कागद पाहता काय?" साहेब म्हणाले, "काका, ट्राफिक अडवू नका."

चिखलीत हॉटेलात आम्ही चहा घेतला. बापूंनी बशीला हात लावला नाही. "पैसे वाया गेले, सर," एवढंच म्हणाले.

मला राहवलं नाही. म्हटलं, बापू, तुमची गाडी 2012 ची. 2027 मध्ये पंधरा वर्षं भरतात. मग रजिस्ट्रेशन नव्यानं करायचं, त्याची फी 5000, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण कर आहे, तो वेगळा.

बापूंनी मान वर केली. बशी जवळ ओढली, चहा ओतला, एक घोट घेतला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"तो भरला नाई," त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "तं काय होते?"