मा. निधीभाऊ यांस रिठदहून अनावृत पत्र

मु. पो. रिठद,
ता. रिसोड, जि. वाशीम

माननीय निधीभाऊ यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, आपण नुकतेच आमच्या पंचक्रोशीत येऊन गेलात असं ऐकलं. आपल्याला प्रत्यक्ष कुणी पाहिलं नाही. पण एका गावच्या वेशीवर ताजा फलक लागलाय. त्यावर कुणाचे शुभहस्ते, कुणाचे विशेष प्रयत्न आणि कुणाचा अथक पाठपुरावा, अशी ओळीनं नावं आहेत. आपला आकडा खाली कोपऱ्यात, लाजल्यासारखा. ज्यानं घरपट्टी भरली, दुकानातून साबण घेताना कर भरला, त्याचं नाव फलकावर नाही. तो बिचारा प्रसिद्धीपासून दूर राहणारा माणूस आहे. (गावाचं नाव विचारू नका. पत्त्यात रिठद आहे म्हणून किस्से रिठदचेच असं धरू नये. भावकी सगळीकडे सारखीच असते.)

आधी आपलं कौतुक करतो, कारण आपली रूपं अनेक आणि प्रत्येक रूपात स्वभाव वेगळा. वित्त आयोगाच्या रूपात आपण अगदी हिशेबी. माणसं किती, क्षेत्रफळ किती, एवढं बघता आणि खात्यात जमा होता. चौदाव्या आयोगानं २०१५ ते २०२० या काळात आपल्याला सगळंच्या सगळं ग्रामपंचायतींच्या हाती दिलं होतं. पंधराव्यानं जिल्हा परिषदेला दहा आणि पंचायत समितीला दहा टक्के काढून ठेवले, उरलेले ऐंशी गावाकडे, आणि त्यातलाही मोठा भाग पाणी नि स्वच्छतेला बांधून टाकला. ‘बंधित’ म्हणतात त्याला. या रूपात आपल्याला कुणाच्या दारी चहा प्यावा लागत नाही, म्हणून आपल्याबद्दल फारसं कुणी बोलतही नाही.

पण आपलं खरं तेज दिसतं ते ‘पंचवीस-पंधरा’मध्ये. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो : हा लेखाशीर्षाचा आकडा आहे, गावातल्या मूलभूत सुविधांच्या कामांचा, पण आमच्याकडे शाळा सोडलेला पोरगाही तो पाढ्यासारखा म्हणतो. शिवाय आमदार निधी आहे, खासदार निधी आहे, जिल्हा नियोजन समिती आहे. या रूपांत आपण लोकसंख्या विचारत नाही, ओळख विचारता. लेटरहेडवर दोन ओळी आल्या की आपण निघालात. मग एका गल्लीत सभामंडप, त्याच गल्लीत पेव्हर ब्लॉक, त्याच गल्लीत व्यायामशाळेचं साहित्य, आणि त्या साहित्यावर वाळत घातलेली धोतरं. शेजारच्या गल्लीतला म्हातारा ओट्यावर बसून म्हणतो, “आपल्या इकडं कायी आलं नाई बावा.” त्याला कुणीतरी समजावून सांगायला हवं की आपल्याला वळण घेता येत नाही. आपण सरळमार्गी आहात, सरळ त्याच घरी जाता.

आता मुद्द्याचं. आमच्या गावांमध्ये मंडळं भरपूर. हरिपाठाला बसणारं भजनी मंडळ, सामुदायिक प्रार्थना चालवणारं गुरुदेव सेवा मंडळ, गणपतीचं, दुर्गेचं, जयंती उत्सव समिती, कबड्डीचं, वाचनालय, आणि बायकांचे बचत गट तर विचारूच नका. कुणाचं घर जळलं, कुणाच्या पोरीचं लग्न अडलं, शाळेची भिंत पडली, तर पहिली वर्गणी हीच माणसं काढतात. सोयाबीन पावसात भिजून काळं पडलं त्या वर्षीही वर्गणी निघते, पावती दहाची असते एवढंच. पंचनामा होईस्तोवर गाव कोण धरून ठेवतं, हे आपल्या कुठल्याच रकान्यात येत नाही.

तर या मंडळांना पैसा द्यायचा असेल तर न्यायानं कसा द्यावा, हा प्रश्न. सोपा वाटतो ना? करून बघू.

प्रत्येक मंडळाला सारखे पैसे द्या, असं एक जण म्हणाला. छान. पुढच्या महिन्यात एका मंडळाची तीन झाली. मूळ, नवीन आणि ‘खरं’. अध्यक्षपदं तीन, वाटे तीन, ढोल मात्र एकच, तोही उसना. पोलीस बिचारे ‘एक गाव एक गणपती’ म्हणत गावोगाव फिरतात आणि आपण मात्र फुटीला बक्षीस लावून बसणार.

मग सभासदसंख्येवर द्या. सभासद वाढतात, भाऊ, झपाट्यानं वाढतात. पुण्याला कंपनीत गेलेली पोरं, सुरतेला गेलेली पोरं, गेल्या पोळ्याला वारलेले दोन काका, सगळे यादीत सह्यांनिशी हजर.

मग कामावर द्या. काम वाढत नाही, फोटो वाढतात. एका झाडाभोवती अकरा माणसं, प्रत्येकाचा हात त्याच रोपट्याला. रोपट्याचा जीव फोटोतच गेला असणार.

गरजेवर द्या म्हणावं तर त्याच सभेत सगळी गल्ली दारिद्र्यरेषेखाली जाऊन बसते.

शेवटी सरकारला सुचतो तो उपाय : कागद. नोंदणी असेल त्यालाच पैसे. इथं मात्र माझी थट्टा थोडी आटते, भाऊ. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसं लागतात, पुढे १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आणि या सगळ्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे. मजुरी बुडवून खेटे घालणाऱ्याला हे परवडत नाही. मग होतं काय, की ज्याच्या घरात वकील, शिक्षक किंवा कंत्राटदार आहे त्याचं मंडळ कागदावर येतं, आणि गावकुसाच्या त्या बाजूला वीस वर्षं भजन म्हणणारे लोक ‘अनधिकृत’ ठरतात. पैसा गरजवंताकडे जात नाही, नीट अर्ज लिहिता येणाऱ्याकडे जातो. त्यात कुणी लबाडी केलेली असतेच असं नाही, नियम पाळूनही हे घडतं. म्हणूनच ते जास्त वाईट.

२०२५ साली गणेशोत्सव राज्य महोत्सव झाला आणि सरकारनं १८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये देण्याचं ठरवलं. साडेचार कोटींची गोष्ट. भजनाला सरकारनं विचारलं, आनंद आहे. पण राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार. म्हणजे पंधरा गावांत एका गावाचे टाळ-मृदंग नवे, आणि अर्ज ऑनलाइन. ज्या गावच्या बुवांना अभंग पाठ आहेत पण ओटीपी कुठं येतो ते ठाऊक नाही, त्यांनी विठ्ठलाचं नाव घ्यावं. ते तसंही घेतातच.

वाचनालयांचं उदाहरण याहून बोलकं. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गाप्रमाणे अनुदान. नियम स्पष्ट, लेटरहेड लागत नाही. तरी काही ठिकाणी वाचनालयं फक्त पाटीवर उरली. २०१२ साली महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणी झाली, त्रुटी निघाल्या, आणि मग उपाय काय निघाला? नव्या वाचनालयांना मान्यता देणंच वर्षानुवर्षं थांबलं. चोर एका गल्लीत सापडला म्हणून दुसऱ्या गल्लीत दिवे लावायचे नाहीत, असा तो न्याय. ज्या गावात २०१२ नंतर पोरांनी पुस्तकं जमवली, त्यांचा गुन्हा एवढाच की ते उशिरा जन्मले.

आता आपण म्हणाल, हा माणूस नुसता रडतो. नाही हो. न्यायानं पैसा वाटायची पद्धत गावातच आहे आणि ती बायकांच्या हातात आहे, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही.

बचत गट बघा. दहा-बारा जणी, एकाच आळीतल्या. गट झाला की लगेच आपण येत नाही. आधी पंचसूत्री : नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज देणं, ते वेळेत फेडणं आणि लिहिलेला हिशेब. काही महिने हे चाललं की मग सरकारच्या ‘उमेद’ अभियानाकडून फिरता निधी, जो १५ हजारांचा अलीकडे ३० हजार झाला. पुढे बँक. शिफारसपत्र नाही, शुभहस्ते नाही. आणि बैठकीत काय होतं ऐका : कुणी किती घेतलं, किती फेडलं, हे सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं जातं. ज्या बाईनं हप्ता चुकवला ती तिथंच बसलेली असते. “कावं, या महिन्यात काऊन नाई भरला?” एवढा एक प्रश्न. लेखापरीक्षक वर्षातून एकदा येतो. हा प्रश्न दर बैठकीला येतो. खोटा सभासद घालता येत नाही, कारण त्याच्या चुलीवर काय शिजलं हे समोरचीला माहीत असतं.

आता मजा बघा. तीस हजारांसाठी बाईनं पाच सूत्रं पाळायची. दहा लाखांच्या सभामंडपासाठी एकही सूत्र नाही. हे आपलं गणित माझ्या बुद्धीपलीकडचं आहे, म्हणून आदरानं सोडून देतो.

दूरच्या जगातही काही शहाणे निघाले, आपल्या कानावर घालून ठेवतो. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून वस्तीवस्तीच्या सभा बसवून खर्च ठरवायला सुरुवात झाली. कुठल्या भागाला किती, हे ठरवताना तिथली लोकसंख्या, तिथं सोयी किती कमी आहेत आणि लोकांनी आधी काय मागितलं, यांना गुण दिले. म्हणजे ज्याच्याकडे गटार नाही त्याचे गुण जास्त. आमच्याकडे ज्याच्याकडे सभामंडप आहे त्याला सभामंडपाचं सुशोभीकरण मिळतं. पुणे महापालिकेनंही २००६ च्या सुमारास नागरिकांकडून प्रभागातली कामं अर्जावर मागवायला सुरुवात केली. मुंबईत १९९७ पासून गल्लीगल्लीत नागरिकांचे गट कचऱ्यापासून कामाला लागले. त्यांनाही अडचणी आल्याच, सुशिक्षित वस्त्यांचेच अर्ज जास्त येतात ही तर जुनीच तक्रार. अर्ज लिहिणारा तिथंही पुढंच.

म्हणून निधीभाऊ, आपल्याकडे मागणं मोठं नाही. गावच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणाला, पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी, हे नियमातच आहे. त्यातला रुपया कुठं गेला ते ग्रामसभेत वाचून दाखवा, नुसतं ‘सर्वानुमते मंजूर’ नको. ज्या मंडळाला गेल्या वर्षी आपण भेटलात त्यानं आधी उभं राहून खर्च सांगावा, मग पुढचं बोलावं. नोंदणी नसलेल्या मंडळाला पाच-दहा हजारांचं काम गावासमोर मंजूर व्हावं. तिथं शेजाऱ्यांची साक्ष हाच कागद. ज्या गल्लीत आजवर एकही फलक लागला नाही तिचं नाव यादीत पहिलं. आणि महिला सभा आधी व्हायची असते, ती खरोखर व्हावी, रजिस्टर घरोघर फिरवून नव्हे. शेवटचं, आपल्या आगमनाच्या फलकावर नावांऐवजी एकच तक्ता लावा : कोणत्या गल्लीला गेल्या पाच वर्षांत किती. रंगाचा खर्च तेवढाच येईल.

यामुळे भांडणं होतील असं आपल्याला सांगण्यात येईल. होतील. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हा समितीच्या अध्यक्षपदावरूनच काही गावांत तंटे झाले. म्हणून कुणी तंटे मिटवायचं सोडलं नाही. उघड्यावर झालेलं भांडण संध्याकाळी पारावर मिटतं. बंद खोलीत झालेली वाटणी तीन पिढ्या पुरते.

आपल्या येण्याची नाही, आपल्या हिशेबाची वाट पाहणारा,

गणपूर्तीतला एक
रिठद

ता. क. : हा भाग निधीभाऊंनी वाचला नाही तरी चालेल, गाववाल्यांनी वाचावा. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जी संख्या कमी ती माणसं लागतात. आपल्यासारख्या गावाला म्हणजे शंभर. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते; मग पाच जणांनी मंजूर केलेलंही मंजूर. तेव्हा पहिल्याच सभेला या, आणि येताना शेजारणीला घेऊन या.