दात बीडला, धार कपिलधारला

आखेन या जर्मन शहरात सम्राट शार्लमेनच्या अस्थी सोन्याच्या पेटीत ठेवल्या आहेत आणि लोक लांबून त्या बघायला येतात. बीडकडेही असा ऐवज आहे. दिल्लीच्या मुहम्मद बिन तुघलकाचा मुक्काम इथे असताना त्याचा दात पडला. तुमचा-आमचा असता तर कौलांवर भिरकावला असता. सुलतानाने तो इतमामाने पुरला आणि वर घुमट बांधला, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. शहराच्या दक्षिणेला टेकडीवर ही वास्तू आजही उभी आहे. पुढे १३५१ साली सुलतान वारला तो थेट सिंधमध्ये. राजधानी दिल्लीहून दौलताबादला नि परत नेणाऱ्या या माणसाचा एक दात तेवढा बीडमध्ये कायमचा स्थायिक झाला.

दाताला घुमट मिळाला, पण बीडला रेल्वे मिळायला २०२५ सालचा १७ सप्टेंबर उजाडावा लागला. तोवर बीडकर आणि पाहुणा, दोघांचाही भरवसा लाल एसटीवर.

असेच एक पाहुणे, भूगोलाचे निवृत्त मास्तर, बीडहून रिक्षाने कपिलधारच्या धबधब्याकडे निघाले. अंतर वीसेक किलोमीटर. पण मास्तरांनी आधी खजाना बावडी गाठली. सोळाव्या शतकात, निजामशाहीत सलाबतखानाने बांधलेली ही विहीर. जमिनीखालच्या नळांतून तिच्यात पाणी येतं आणि तसंच पुढे शेतांकडे जातं. वीज नाही, मोटार नाही, सगळा कारभार उतारावर. मास्तर खाली वाकून नळाचं तोंड न्याहाळू लागले, तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "सर, पाण्यात काही पडलंय का? गळ टाकू का?"

मांजरसुंब्याचा घाट लागला आणि मास्तरांना वर्ग सापडला. "ही बालाघाटची रांग. उत्तरेला बिंदुसरा, ती बीडमधून सिंदफणेला आणि सिंदफणा गोदावरीला. इकडे पाटोद्याकडे मांजरा उगम पावते. ती सातशेवर किलोमीटर हिंडते, तीन राज्यं बघते..."

"आन् जाते कुठं?"

"गोदावरीलाच."

"मग येवढा वळसा काहून?" रिक्षावाल्याने विचारलं. शाळेत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मास्तरांनी सीताफळ विकत घेतलं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ही माहिती त्यांनी बिया थुंकता थुंकता दिली.

कपिलधारला दरीत उतरायचं. कपिल मुनींनी इथे तप केलं अशी श्रद्धा, आणि वीरशैव संतकवी मन्मथस्वामींची समाधी. स्वामींनी 'परमरहस्य' मराठीत लिहिलं. कार्तिक पौर्णिमेला इथे मराठवाड्यातूनच नव्हे तर कर्नाटक-तेलंगणातूनही दिंड्या येतात. त्या दिवशी या दरीत पाय ठेवायला जागा नसते.

धबधबा मंदिराशेजारीच. काळ्या कड्यावरून पाणी कोसळतं, तुषार थेट चष्म्यावर. मास्तरांनी चष्मा पुसला आणि खडकाचा थर, बसाल्ट, वगैरे सुरू केलं. धारेखाली उभ्या पोरांनी त्यांना हाताला धरून आत ओढलं. बसाल्ट राहिला तो राहिलाच.

धार बघायची तर श्रावण-भाद्रपदात या, यात्रा बघायची तर कार्तिकात. एप्रिल-मेमध्ये आलात तर कोरडा कडा दिसेल, आणि तो दाखवायला मास्तरही नसतील.