आत येणारे फोन

घरातून बाहेर फोन लागतो, बाहेरून घरात लागत नाही, हा इंटरनेटवरच्या फोनचा जुना आजार आहे. राउटर हा दादरच्या सोसायटीतला वॉचमन समजा. आतला माणूस बाहेर पडला की त्याचा चेहरा तो लक्षात ठेवतो, कुणी त्याच्या मागोमाग आलं तर सोडतो. पण थोडा वेळ ये-जा थांबली की सगळं विसरतो आणि दारात आलेल्या पाहुण्याला फाटकावरूनच वाटेला लावतो. म्हणून फोनच्या यंत्राने कंपनीच्या सर्व्हरला सारखं "मी आहे, मी आहे" असं कळवत राहायचं असतं. हे ज्ञान मला अमेरिकेत, एडिसनच्या आमच्या घरी, नवऱ्याकडून, ऐन जेवणात मिळालं. हातात आमटीची पळी होती, त्यामुळे उठून जाता आलं नाही.

एरवी आमचं घरच्या फोनवाचून काही अडत नव्हतं. पण सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. सांगलीच्या मामींचं बोट व्हॉट्सअॅपवर हटकून व्हिडिओच्याच बटणावर पडतं, आणि सासूबाई केस विंचरल्याशिवाय कुणाला तोंड दाखवत नाहीत. "तू आपला साधा फोन लाव रे," त्या मुलाला म्हणाल्या. मामींच्या मोबाइलवर त्यांच्या भाच्याने आयएसडीचा पॅक टाकूनही दिला.

साधा फोन! नवऱ्याने तळहाताएवढा एक कॉम्प्युटर आणला आणि त्यावर अॅस्टेरिस्क चढवलं. हे सॉफ्टवेअर 1999 साली अलाबामात शिकणाऱ्या मार्क स्पेन्सर नावाच्या मुलाने लिहिलं, कारण त्याच्या चिमुकल्या कंपनीसाठी टेलिफोन एक्स्चेंज विकत घेणं त्याला परवडेना. आम्हाला एक फोन अगदी आरामात परवडत होता, तरी आमच्याकडे एक्स्चेंज उभं राहिलं. स्वयंपाकघर 101, दिवाणखाना 102, सासूबाईंची खोली 103. मी 101 ला आहे हे मला न विचारता ठरलं.

पहिला आठवडा कुणाचाच फोन आला नाही. फोनची कंपनी आमचा नंबर आधी 1 लावून अकरा आकडी पाठवत होती, नवऱ्याच्या फाइलमध्ये तो दहा आकडी होता. यंत्र आपलं प्रत्येकाला 404 कळवत बसलेलं. वेबसाइट सापडली नाही की दिसतो तोच हा आकडा, इंटरनेटच्या फोनने तिथूनच उचललेला. घर आपलं, नंबर आपला, आणि जबाब काय, तर असं इथे कुणी नाही.

तो एक आकडा जुळवला आणि खरी गंमत सुरू झाली. रात्री अकरा ते सकाळी सात फोन वाजू नये, थेट व्हॉइसमेलवर जावा, असा नियम नवऱ्याने मोठ्या कौतुकाने लिहिला होता. पण त्या कॉम्प्युटरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे ढोबळमानाने ग्रीनिचच्या वेळेवर चाललेलं. उन्हाळ्यात आम्ही त्याच्या चार तास मागे. त्यामुळे आमच्या एक्स्चेंजची रात्र संध्याकाळी सातलाच पडायची आणि पहाटे तीनला उजाडायचं.

मामा पहाटे सहाला उठून फोन करणारे. तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेआठ, म्हणजे व्हॉइसमेल. त्यात मामा दूधवाल्याशी हिशेब करताना ऐकू यायचे, मध्येच "ही बाई काय म्हणतेय गं?" मामी मात्र पोळ्या लाटून, ओटा पुसून, साडेबाराला निवांत व्हायच्या. तेव्हा आमच्याकडे बरोबर तीन. खोल्याखोल्यांतून एकदम घंटा. तीन वाजता वाजणारा फोन उचलताना माणूस मनातल्या मनात मुंबईच्या विमानाची चौकशी करून ठेवतो. आणि पलीकडून, "काय गं, जेवलात का?"

घड्याळ सुधारलं, तशा मामी रुसल्या. "हल्ली तुम्ही उचलतच नाही." त्यांच्या मोकळ्या वेळेवर आता नियम बरोबर बसला होता. सासूबाई म्हणाल्या, "तीनला मी जागीच असते, माझ्या खोलीत वाजू दे." मग 91 ने सुरू होणारे नंबर 103 ला. पण परदेशाहून येणारा फोन वाटेत किती कंपन्यांच्या हातातून येईल आणि शेवटी कुठला नंबर दाखवेल याचा नेम नसतो. मामी कधी टेक्सासच्या नंबरावरून येत, कधी नंबराशिवायच. अनोळखी नंबरांना मोकळीक द्यावी, तर गाडीची वॉरंटी विकणारी यंत्रं टपलेली.

यावर नवऱ्याने काढलेला तोडगा मला मनापासून आवडला, हे कबूल करते. त्याने स्वतःच्या आवाजात मराठीत रेकॉर्ड केलं, "नमस्कार, घरचे असाल तर एक दाबा." वॉरंटीवाल्यांना काही ते समजलं नाही. एकही फिरकला नाही.

मामीही फिरकल्या नाहीत. चार दिवसांनी त्यांनी सासूबाईंच्या मोबाइलवर, व्हिडिओवरच, गाठलं. "वन्सं, तुमच्या मुलाला झालंय तरी काय? मी इतकं बोलतेय, तब्येत विचारतेय, आणि हा आपला एक दाबा, एक दाबा. तुमचे पाय दुखतायत का हो?"