पंधरा किलोचे पाणबुडे

स्कूबा डायव्हिंग करणारा माणूस समुद्रात नीट कळत नाही. तिथे सगळेच काळ्या रबरात असतात आणि तोंडात नळी असल्यामुळे कुणालाच बोलता येत नाही. त्याला बघायचं तर अंदमानच्या विमानाच्या आदल्या रात्री, त्याच्या घरी.

आमच्या सोसायटीत असा एक नमुना आहे. खरं आडनाव काहीही असो, सगळे त्यांना पाणबुडे म्हणतात. आता वॉचमनही म्हणतो. पन्नाशीला टेकलेले, आयटीत नोकरी, पोट पगाराच्या बरोबरीने वाढत गेलेलं. पोहायला शिकले ते पुण्याच्या टिळक टँकवर, पाठीला डबा बांधून. डबा सुटला त्या दिवशी आईने पेढे वाटले होते म्हणे. पुढे चाळीशी उलटल्यावर भरपूर फी मोजून त्यांनी पुन्हा पाठीला डबा बांधून घेतला, आणि हा आता सुटावा असं त्यांना मुळीच वाटत नाही.

वर्षातून चार-पाच दिवस पाणबुडे पाण्याखाली असतात. बाकीचं वर्ष ते बॅग भरत असतात. माझं मत विचाराल तर त्यांचा खरा छंद हा दुसरा आहे. पहिल्याला फक्त निमित्त म्हणून समुद्र लागतो. तारकर्लीला ते गाडीने जातात, डिकीत हवं ते कोंबता येतं, आणि त्या प्रवासात त्यांचा चेहरा उतरलेला असतो. वजनकाट्याशिवाय त्यांना करमत नाही.

पलंगावर सामान मांडतात ते रुखवत मांडावं तसं. मधोमध बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जाकीट, साडेतीन किलो. त्याच्या उशाला रेग्युलेटर. नळ्या, दाब दाखवणारं घड्याळ आणि 'ऑक्टोपस' नावाचं जास्तीचं तोंड धरून अडीच किलो. पायथ्याशी फिन्स, दोन किलो. तीन मिलिमीटरचा वेटसूट, दोनाला थोडा कमी. बूट, मास्क, टॉर्च, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर. आणि एक सुरी. पाण्याखाली जाळ्यात अडकलं तर दोर कापून सुटायला ही सुरी हवी. आजवर तिने एक कलिंगड कापलं आहे. टायटॅनियमची असल्यामुळे ती गंजत नाही, तरी त्यानंतर पाणबुड्यांनी ती तीनदा धुऊन पुसली.

विमानात चेक-इनला १५ किलो, हातात ७. सगळं सामान बारा किलोच्या आसपास भरतं. म्हणजे कपड्यांना तीन किलो उरले, असं साध्या माणसाला वाटेल. साध्या माणसाने बॅगेचं वजन धरलेलं नसतं. आपली चाकांची बॅग रिकामीच चार किलोची आहे हे कळलं त्या दिवशी पाणबुडे जेवले नाहीत. आता ते बिनचाकी कापडी बॅग पाठीवर घेतात आणि पाठदुखीचं मलम वहिनींच्या पर्समध्ये ठेवतात. पर्स कुणी काट्यावर ठेवत नाही.

"अहो, तिथे भाड्याने मिळतं की सगळं," मी एकदा म्हणून पाहिलं. खोटं नव्हतं ते. अंदमानातलं हॅवलॉक बेट २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, पण पाणबुडे अजून हॅवलॉकच म्हणतात. तर त्या हॅवलॉकला डाइव्हच्या पैशांतच बहुतेक ठिकाणी सामान देतात.

"दुसऱ्याच्या तोंडातलं रेग्युलेटर मी तोंडात घालू? उष्टं?"

वेटसूटचा विषय निघाला की ते आवाज खाली आणतात. डायव्हर दोनच जातींचे, वेटसूटमध्ये लघवी करणारे आणि करत नाही म्हणून सांगणारे, हा त्या जगातला जुना विनोद आहे. पाणबुडे कुठल्या जातीचे ते मी विचारलेलं नाही. शेजारधर्म सांभाळायचा असतो.

नियम मात्र त्यांना तोंडपाठ. सुरी चेक-इनमध्येच. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्याच बॅगेत, प्रत्येकीच्या टोकाला चिकटपट्टी, शंभर वॉट-अवरच्या आत. टॉर्चमधली बॅटरी काढून वेगळी, कारण हे टॉर्च पाण्याने गार राहतात. बंद बॅगेत चुकून पेटला तर कपडे जाळायचा. रेग्युलेटर, मास्क आणि कॉम्प्युटर हातात, म्हणजे बॅग हरवली तरी बाकीचं भाड्याने घेता येईल. 'भाड्याने' म्हणताना त्यांना ठसका लागतो.

या सगळ्यातून संसाराच्या वाट्याला दीड किलो येतं. वहिनींनी दोन कुडते पुढे केले की पाणबुडे दोन्ही हातांत तोलून बघतात आणि हलका तो ठेवतात. रंग, कापड, लग्नाचा वाढदिवस असल्या गोष्टी काट्यावर उमटत नाहीत. मुलीचं दहावीचं वर्ष होतं तेव्हा तिने भूमितीचं पुस्तक आणलं. "पानांचे फोटो काढून घे," बाबा म्हणाले. तिने काढले नाहीत. भूमितीत मार्क बरे पडले, हे तिचं नशीब.

घरचा काटा १४.९ दाखवतो, विमानतळावरचा १६.४. मग पाणबुडे बाजूला होऊन बॅग उघडतात. अंगावरच्या कपड्यांना वजन नसतं, हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे मार्चच्या उकाड्यात आठ खिशांचं विंडचीटर चढतं आणि पायांत समुद्रातले रबरी बूट जातात. रांगेतली माणसं त्यांना वाट करून देतात, आदराने नव्हे.

पुढे सुरक्षा तपासणी. क्ष-किरणाच्या पडद्यावर नळ्या आणि धातूचे गोळे दिसले की जवान बॅग बाजूला घेतोच.

"ये क्या है?"

"साँस लेने का यंत्र."

जवानाने त्यांच्याकडे पाहिलं, मग काचेपलीकडच्या विमानाकडे. "प्लेन में हवा है, साहब."

आणि इतकी तोळामाशाची काटकसर करून हा माणूस बोटीवर पोचला की पहिली मागणी काय करतो? "सहा किलो शिसं द्या." वेटसूट तरंगतो, पोट तर त्याहून तरंगतं, शिशाचा पट्टा कमरेला बांधल्याशिवाय पाणबुडे बुडतच नाहीत. वर पाठीला ॲल्युमिनियमची टाकी, रिकामीच चौदा किलोच्या घरात. तिच्यात २०० बार दाबाने कोंबलेल्या हवेचंच वजन अडीच किलो. ही हवा संपत आली की टाकी हलकी होऊन माणसाला वर ओढते, म्हणून त्याचंही शिसं आधीच हिशेबात धरायचं. म्हणजे वहिनींचा दुसरा कुडता घरी राहिला तो दोनशे ग्रॅमसाठी, आणि इथे नुसती हवा अडीच किलोची.

परतीचा प्रवास याहून अवघड. रक्तात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानातला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका कमी असतो. घाई केली तर त्या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे होतात. म्हणून रोज डाइव्ह करणाऱ्याने शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास थांबून मगच विमानात बसायचं. हा दिवस कुटुंबाला द्यावा, असं वहिनींचं म्हणणं. पाणबुडे तो दिवस सामान वाळवायला देतात. गोड्या पाण्याने धुतलेला वेटसूट, बूट, बीसीडी रिसॉर्टच्या बाल्कनीत टांगून ते वाऱ्याची दिशा बघत बसतात. समुद्रकाठच्या दमट हवेत निओप्रीन वाळत नाही. आलं तेच सामान परत निघतं, फक्त दीड-दोन किलो पाणी पिऊन.

तेव्हा अंदमानहून परतताना श्रीविजयपुरमच्या विमानतळावर विंडचीटर घातलेला, घामाघूम मराठी गृहस्थ तुमच्याजवळ येऊन "तुमच्या बॅगेत जरा जागा आहे का हो?" असं गोड आवाजात विचारू लागला, तर सरळ नाही म्हणा. अनोळखी माणसाचं सामान घेऊ नये हे विमानतळावर सांगतातच. डायव्हर असेल तर ओळखीच्याचंही घेऊ नका. आणि घेतलंतच, तर निदान फिन्स घेऊ नका. त्या कुठल्याच बॅगेत मावत नाहीत.