जिल्ह्याहून थोरलं घड्याळ
नंदुरबारच्या कोरीटला कुणाच्या मनगटावर कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू दिसलं, की पुण्याचा भाचा हरखतो, 'व्हिंटेज!' मामाच्या लेखी ते नुसतं घड्याळ. मॉडेल १९८९चं, नंदुरबार जिल्हा झाला १९९८ला. म्हणजे वयाने घड्याळच थोरलं.

आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, महिन्याकाठी चूक फार तर ३० सेकंदांची. एवढ्या काटेकोरपणे बसची वाट बघता येते.

सेल ७ वर्षं चालतो. बदलताना आतली रबरी कडी तेवढी नीट बसवायची, नाहीतर पहिल्याच पावसात आकडे पोहायला लागतात. फेब्रुवारी त्याच्या हिशेबी कायम २८चा. लीप वर्षी तारीख हाताने सुधारा. आणि तो हिरवा दिवा! लागला एवढंच कळतं, किती वाजले ते नाही.