चकचकीत फरशीच्या विरोधात, पायांच्या बाजूने

घर बांधायला काढलं की माणूस पायाभरणी इंजिनिअरवर सोडतो, स्लॅब गवंड्यावर सोडतो आणि फरशी मात्र स्वतः जातीने निवडतो. पाया पुरला जातो, स्लॅबवर कुणी मान वर करून बघत नाही, फरशी तेवढी पाहुण्यांना दिसते. परंडा तालुक्यातल्या सोनारीत पाहुण्यांना तोटा नाही. चैत्रात काळभैरवनाथाच्या यात्रेला माणसं येतात आणि उरलेलं वर्षभर माकडं असतातच. त्यांतली माकडं फरशीचा भाव विचारत नाहीत, एवढाच त्यांचा मोठेपणा. पण घरात उठता-बसता, झोपता-चालता फरशीशी ज्यांचा संबंध येतो ते पाय, त्यांना दुकानात कुणी विचारत नाही. उलट चपला बाहेर काढून ठेवायला लावणाऱ्या टाइल्सच्या दुकानातही अनवाणी गिऱ्हाईक सगळं बघतं ते डोळ्यांनीच. पायांचं मत घेतलं तर सोनारीत निकाल आरशासारख्या व्हिट्रीफाइडच्या विरोधात आणि साध्या शहाबादीच्या बाजूने लागेल, असं मला वाटतं.

आता हवामानाचं. ‘उष्ण आणि दमट हवेसाठी योग्य फरशी’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर समुद्र असतो. सोनारीला समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात भेटतो. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा इतकी कोरडी की वाळत घातलेले कपडे सगळे दोरीवर टाकून होईपर्यंत पहिला वाळलेला असतो. दमटपणा येतो तो पावसाळ्यात, तोही लहरीप्रमाणे. तेव्हा आधी उष्णतेचा हिशोब करू. दुकानदार ‘ही टाइल थंड राहते हं’ असं म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, पण श्रेय भलत्यालाच देतो. आपल्या तळव्याची कातडी साधारण तेहेतीस अंशांची. तिच्याहून गार असलेला कुठलाही दगड, सिमेंट किंवा टाइल पायातली उष्णता झपाट्याने ओढून घेते, म्हणून ती थंड लागते. लाकूड ती सावकाश ओढतं, म्हणून ऊबदार वाटतं. दगड, कोबा आणि टाइल यांच्यातला फरक त्या मानाने किरकोळ. खरा गारवा येतो खालच्या जमिनीतून. पटत नसेल तर तीच टाइल, त्याच दुकानातली, त्याच पेटीतली, वरच्या मजल्यावर बसवून मे महिन्याच्या संध्याकाळी तिच्यावर आडवं होऊन बघावं. खाली जमीन नाही, डोक्यावर तापलेला स्लॅब. अशा वेळी ‘थंड राहणारी’ टाइल पापड भाजायच्या तव्याची आठवण करून देते. तेव्हा थंडाव्यासाठी महागडी फरशी घेणाऱ्याने त्यातले निम्मे पैसे गच्चीला पांढरा चुना लावण्यात घालावेत. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर या भागातल्या माणसाचा माळवदावरचा विश्वास उडाला, त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. पण मातीच्या जाड धाब्याने जो उन्हाळा अडवला होता तो स्लॅबने थेट घरात आणला, आणि त्याची भरपाई फरशीकडून मागणं म्हणजे सासूच्या तक्रारी जावयाकडे करण्यासारखं आहे.

ओलीचंही तसंच. कोकणात पावसाच्या तोंडावर दमट हवा गार लादीला टेकते आणि लादीला घाम फुटतो. सोनारीच्या हवेत तेवढी वाफच नसते, म्हणून इथली ओल बहुतेक वेळा वरून येत नाही, खालून चढते. जोत्याखालची माती पाणी ओढते आणि फरशीच्या सांध्यांतून वर पाठवते. काळी माती असेल तर आणखी गंमत: पाऊस पडला की ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्या भेगांत पाऊल जाईल एवढी जागा होते. वर दोन बाय दोनच्या चकचकीत टाइल्स असतील तर त्या जमिनीबरोबर फुगू शकत नाहीत; कुठे पोकळ वाजतात, कुठे उचलतात, कुठे मध्येच तडकतात, आणि तोपर्यंत तो डिझाईन नंबर कंपनीने बंद केलेला असतो. शहाबादीचा तुकडा तडकला तर गवंडी तो काढतो, खाली मुरूम ठोकतो, दुसरा बसवतो. शहाबादीचा डिझाईन नंबर नसतो, हे तिचं सगळ्यात मोठं तंत्रज्ञान आहे. पावसाळ्यात अंगणातला चिखल पायांना लागून आत येतो आणि पॉलिश केलेल्या टाइलवर त्याचा पातळ थर झाला की आजोबांची कंबर आणि टाइल यांच्यात फक्त नशीब उरतं. खरबरीत दगड पायाला धरून ठेवतो.

यावर पहिला आक्षेप असा की व्हिट्रीफाइड अर्धा टक्काही पाणी पीत नाही आणि शहाबादी तेल पिऊन डाग धरते. बरोबर आहे. स्वयंपाकघरात मॅट टाइल लावायला माझी हरकत नाही; वाद चमकेशी आहे, टाइलशी नाही. शहाबादीही चुनखडीच असल्यामुळे तिच्यावर ॲसिड ओतू नये, पण तिच्या मळकट करड्या रंगात चिंचेचा डाग आपला आपण मिसळून जातो. संगमरवरावर तोच डाग घरचा सभासद होतो. लाकडी फरशीबद्दल मी बोलणार नाही, वाळवीने बोलावं. शेणाच्या जमिनीचा गौरव करणाऱ्यांनी मात्र आधी सलग महिनाभर स्वतः वाकून सारवावं आणि मग लेख लिहावा. ती जमीन गार होती हे खरं, पण त्या गारव्याचं बिल घरातल्या बायकांच्या कंबरेवर फाडलं जात होतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: शहाबादी घातली तर लोक काय म्हणतील, मुलाचं लग्न कसं जमेल? त्यावर एवढंच सांगतो, की शहाबाद हे सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावरचं, कलबुर्गी जिल्ह्यातलं गाव. आमचा धाराशिव जिल्हा आणि ते गाव, दोन्ही एकेकाळी निजामाच्याच राज्यात होते. १९५६च्या भाषावार प्रांतरचनेत माणसं इकडे आली आणि दगड तिकडे राहिला, तरी आमच्या भागातल्या वाड्यांनी, शाळांनी आणि तहसील कचेऱ्यांनी तो दगड मागवणं थांबवलं नाही. ज्या काळ्या पाषाणावर आपण उभे आहोत तो घडवायला फार कठीण, आणि शहाबादचा दगड थर सुटून पाट्यासारखा निघतो, म्हणून तो गरिबालाही परवडला. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर लग्नाच्या पंगती बसल्या. फरशी बघून एकाही नवरीने बोहल्यावरून परत फिरल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा घर बांधताय ना, तर आधी मुरूम नीट ठोकून घ्या, जोतं उंच घ्या, त्यावर खडी आणि प्लास्टिकचा कागद घाला. पैसे तिथे खर्च करा. मग दुकानात जाऊन नमुना भिंतीला टेकवून बघू नका. तो जमिनीवर ठेवा, त्यावर तांब्याभर पाणी ओता आणि अनवाणी उभे राहा. जो नमुना पाय सुटू देत नाही तो घ्या, मग त्यात आपलं तोंड दिसो वा न दिसो.