दार लाव की बे

मे महिन्यात सोलापुरात घरोघरी एकच भांडण: एसीच्या खोलीचं दार कोणी उघडं टाकलं? आमचे काका दुपारभर ओरडत असतात, "दार लाव की बे, गार वारं चाललंय सगळं!" बाहेरच्या खोलीत ४५ अंश, आत २५. दार उघडलं की गारवा फरशीवरून येऊन घोट्यांना लागतो आणि वरच्या अंगाने झळ चोरपावलांनी आत शिरते.

एवढी उलथापालथ, म्हणजे हवेचा दाबही बदलत असेल? दोन्ही खोल्या सारख्या, बाहेरून बंद, दाब आधीपासून समान, भिंती उष्णता न देणाऱ्या न घेणाऱ्या असं धरलं, तर उत्तर शून्य. (सोलापूरच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडतात, त्यांना गणितात घेऊ नये.) गरम खोलीत रेणू थोडे पण धुसमुसळे, गार खोलीत गर्दी पण निवांत, भिंतीला बसणारा मार तेवढाच. मिसळल्यावर कोणी तापतो, कोणी निवतो. एकूण ऊर्जा तीच, जागा तीच, मग दाब हलेल कशाला?

तापमान मात्र ३५ वर येत नाही, ३४.७ च्या आसपास थांबतं. गार खोलीत रेणू जास्त, म्हणून बहुमत तिचं. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "मग तेवढ्यासाठी दार उघडं टाकायचं व्हय?"

मिसळलेल्या हवेच्या दाबाचा हिशेब तसा जुनाच: एका भांड्यातला प्रत्येक वायू शेजाऱ्याकडे न बघता आपापला दाब देतो, हे जॉन डाल्टनने १८०१ मध्ये मांडलं. हा गृहस्थ १७८७ पासून १८४४ मध्ये मरेपर्यंत हवामानाची वही लिहीत होता. राहायचा मँचेस्टरला. तेही आपल्यासारखंच गिरण्यांचं गाव, पण आपल्या ४५ अंशांएवढी गरमी बिचाऱ्याच्या वहीत आली नसणार.

दाब खरोखर बदलताना बघायचा, तर फ्रीजपाशी उभं राहावं. दार उघडलं की गरम हवा आत जाते. लावल्यावर तिची उष्णता फ्रीज काढून घेतो. ऊर्जा घटली की दाबही उतरतो आणि बाहेरची हवा दार दाबून धरते. आत्याने ताक काढलं, दार लावलं आणि मीठ विसरलं म्हणून लगेच परत ओढलं. दार हलेना.

"बिघडलं बघ, मिस्त्रीला बोलव."

"मिनिटभर थांब, रबरातून हवा झिरपते, आपोआप सुटेल."

"मीठ फ्रीजमध्ये कुणी ठेवलं ते सांग आधी," आत्या म्हणाली.